उशाशी टांगलेला करार

मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवीन कोणी भेटलं की विचारायचं, "तुम्ही काय करता?" सुरुवातीला मी खरं सांगायचे, "पपायरस दुरुस्त करते." एका बाईंना ते पपईचं काहीतरी वाटलं. त्यांनी मला टूटीफ्रूटी घरी कशी करायची ते विचारलं. मला माहीत होतं, म्हणून मी सांगितलंही. नंतर नंतर मी "म्युझियममध्ये असते" एवढ्यावर भागवायला लागले.

आता रिटायर झालेय. मेलबर्नमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या तळघरात माझी सगळी नोकरी झाली. जुने नकाशे, पत्रं, जाहिराती, जे काही कागदाचं असेल आणि मोडकळीला आलेलं असेल ते माझ्या टेबलावर यायचं. युनिकडे पपायरसचा एक छोटा संग्रह होता, कधीकाळी कोणा प्रोफेसरांनी इजिप्तहून आणलेला. तो माझ्या वाट्याला आला, कारण दुसऱ्या कोणाला तो नको होता. पपायरसला वेळ फार लागतो आणि शेवटी दाखवायला काही नसतं. आधी फाटका तुकडा असतो, नंतर सरळ झालेला फाटका तुकडा असतो.

थोडं समजावून सांगते. पपायरस ही नाईलच्या काठी दलदलीत वाढणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती, माणसापेक्षा उंच. तिच्या दांड्यातला गर पातळ पट्ट्यांत कापायचा, एक थर उभा, त्यावर एक थर आडवा, आणि ठोकून दाबायचं. आतल्या चिकानेच ते थर एकमेकांना धरतात. ताजा पपायरस गुंडाळता येतो. दोन हजार वर्षांनी त्याचं उसाचं पाचट होतं. जोरात श्वास सोडला तरी एखादा तंतू उडतो आणि त्या तंतूवर अर्धं अक्षर असतं. शाई म्हणजे काजळी आणि डिंक. ती फिकी पडत नाही, सुटून पडते.

मी काय करायचे? किंचित दमट ब्लॉटिंग पेपरने तो नरम करायचा, दुमडलेले तंतू चिमट्याने सरळ करायचे, तुटलेले भाग मागून जपानी कागदाच्या केसाएवढ्या पट्ट्यांनी जोडायचे. चिकटवायला गव्हाची खळ. कोर्समध्ये आम्हाला ती शिकवली तेव्हा मला हसू आवरेना, कारण तो सरळसरळ कुरडयांचा चीक होता, फक्त मीठ-हिंग नसलेला. धंद्याचा मोठा नियम असा, की जे परत सोडवता येणार नाही ते करायचं नाही. उद्या माझ्यापेक्षा हुशार कोणी आलं आणि त्याला माझी पट्टी काढावीशी वाटली, तर ती थोड्या ओलाव्याने सुटली पाहिजे. म्हणूनच सेलोटेप हा आमचा जन्माचा वैरी.

लोक काय काय घेऊन येत. क्रेगीबर्नहून एक आपलेच गृहस्थ आले होते, कैरोच्या ट्रिपमध्ये घेतलेला फेरोच्या काळचा पपायरस घेऊन. सोनेरी रंगातली राणी होती त्यावर. मी भिंगाखाली पाहिलं आणि म्हटलं, "काका, हे केळीच्या झाडाचं आहे." ते खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जेवायला घेतात ते?" आणि गुंडाळून घेऊन गेले. अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे म्हणे, आणि पाहुण्यांना अजून फेरोचाच आहे.

हे झालं गमतीचं. एरवी ते तळघर फार शांत होतं. खिडकी नाही, उजेड मंद, कारण उजेडाने कागद मरतो. मी लागले तेव्हा आम्ही बरेच जण होतो. मग दर रिस्ट्रक्चरला एक-दोन टेबलं रिकामी होत गेली आणि शेवटी मी आणि वरच्या मजल्यावरची माझी बॉस फिओना, एवढ्याच उरलो. दिवसभरात कोणाशी बोलणं व्हायचं नाही. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये "नो, आय डोन्ट नीड अ बॅग" म्हणताना आपलाच आवाज घोगरा वाटायचा.

घरीही तसंच. आम्ही इथे आलो ते अविनाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, इंजिनियरच्या व्हिसावर. मुलगी ऋता इथेच शिकली आणि नोकरीसाठी पर्थला गेली. मग पुण्यात सासूबाई पडल्या आणि अविनाश त्यांच्यासाठी तीन महिने म्हणून गेला. त्या अंथरुणालाच खिळल्या, म्हणून तो राहिला. पुढे त्या गेल्या. तरीही तो आला नाही. भांडण काहीच झालं नव्हतं. मीही नोकरी सोडून तिकडे गेले नाही. रविवारी फोन व्हायचा, तिकडचा पाऊस, इकडचं बागेतलं लिंबाचं झाड. कोणी विचारलं की मी म्हणायचे, "येईल आता." बरीच वर्षं मी हे म्हणत होते.

अशाच एका हिवाळ्यात रिसेप्शनवरून फोन आला, "शुब, एक आजी आल्यात. ट्रॉली आहे बरोबर. जायला तयार नाहीत."

माझं नाव शुभदा. ते इथे कोणाला पूर्ण झेपलं नाही.

नव्वदीला टेकलेली, काळा कोट घातलेली एक बारीकशी बाई बाकावर बसली होती. शेजारी भाजी आणायची दोन चाकांची ट्रॉली, आणि तिच्यात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक फ्रेम. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, तिचं ग्रीक वळणाचं, माझं मराठी. मी आपल्या पद्धतीने लिहिते.

"तू डॉक्टर आहेस का?" तिने विचारलं. युनिमध्ये सगळे डॉक्टर असतात हे तिला ठाऊक होतं.

"नाही. मी दुरुस्त करते."

"मग तूच हवीस."

तिचं नाव एलेनी. बसने, मग ट्रेनने, मग ट्रॅमने ती ते ओढत आली होती. मी ब्लँकेट उघडलं. दोन काचांमध्ये दाबलेला एक तपकिरी तुकडा, दोन तळहातांएवढा, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. त्यावर काळ्या अक्षरांच्या दाट ओळी, ग्रीक. वरची काच कोपऱ्यापासून मधोमध तडकली होती आणि एक टोकदार तुकडा आत वळून थेट अक्षरांवर टेकला होता. ट्रॅममध्ये एक गचका बसला असता तर संपलं असतं.

"भिंतीवरून पडलं," ती म्हणाली. "खिळा गंजला होता. माझ्यासारखाच."

फिओना खाली आली. तिने एक नजर टाकली आणि पहिला प्रश्न विचारला, "याचे पेपर्स आहेत?" म्हणजे हा इजिप्तमधून कधी, कसा बाहेर आला याची पावती, परवानगी, काहीतरी. एलेनी म्हणाली, "पेपर्स कसले? हाच पेपर आहे."

फिओना वाईट बाई नव्हती. पण नियम पक्का होता. इजिप्तमधून वाट्टेल तसं बाहेर आलेलं सामान हा आमच्या व्यवसायातला मोठा डाग आहे. कागदपत्रं नसलेल्या वस्तूला आम्ही हात लावायचा नाही, वाचायचं नाही, वाचून द्यायचं नाही. एकच वाट होती. मालकाने सही करून द्यायचं, की युनिव्हर्सिटीने इजिप्तला कळवायला हरकत नाही, आणि त्यांनी मागितला तर मी तो परत देईन. मग आम्ही काम करणार.

एलेनीने ते दोनदा समजून घेतलं. "म्हणजे काय लिहिलंय ते कळायला हवं असेल, तर घालवायची तयारी ठेवायची."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने ब्लँकेट परत गुंडाळायला घेतलं. मी म्हटलं, थांबा, हे असं नेऊ नका. फोम आणि पुठ्ठ्यांमध्ये फ्रेम नीट बसवली, फिओनाला सांगून अर्धी रजा टाकली आणि तिला गाडीत घालून ओकलीला तिच्या घरी सोडायला गेले. ओकलीत ग्रीक वस्ती मोठी. तिच्या गल्लीत अंगणाअंगणात लिंबं आणि ऑलिव्ह होती, पण निम्म्या घरांवर 'सोल्ड'च्या पाट्या लागल्या होत्या. तिच्या ओळखीचं आता त्या गल्लीत कोणी उरलं नव्हतं.

तिने कॉफी केली आणि मला बेडरूममध्ये नेऊन भिंत दाखवली. पलंगाच्या उशाशी, वर, रंग न उडालेला एक चौकोन होता.

एलेनी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची. तिथे ग्रीकांच्या कित्येक पिढ्या नांदल्या होत्या. वडील कापसाच्या पेढीत कारकून. त्यांनी लग्नाआधी एका दुकानातून हा तुकडा घेतला. दुकानदाराने सांगितलं, हा प्राचीन काळचा लग्नाचा करार आहे, तुमच्याच भाषेतला. त्यांनी तो काचेत बसवून नव्या नवरीला दिला. तो पलंगाच्या उशाशी टांगला. त्याच्याखाली एलेनी जन्मली. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आई-वडील ग्लास वर करायचे आणि म्हणायचे, वरच्या दोघांच्या नावाने. पुढे दिवस पालटले, ग्रीकांना शहर सोडावं लागलं. बंदरावर अधिकाऱ्याने ट्रंक उघडली, चादरींमधून फ्रेम काढली आणि विचारलं, हे काय? तिची आई म्हणाली, आमच्या लग्नाचा कागद. त्याने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि ट्रंक बंद केली.

"बोटीवर आई रडली नाही," एलेनी म्हणाली. "फक्त रोज ट्रंक उघडून बघायची, काच फुटली नाही ना."

आईनंतर तो एलेनीकडे आला. तिचाही संसार त्याच्याखाली झाला. नवरा गेला त्यालाही खूप वर्षं झाली होती. मुलगा कॉन ब्रिस्बेनला.

"मला एवढंच हवंय," ती म्हणाली. "त्या दोघांची नावं. जन्मभर 'वरचे दोघे' म्हणत आलो. नावं नाहीत त्यांना. तुझा नवरा काय करतो?"

प्रश्न असा मध्येच आला. "इंडियात असतो," मी म्हटलं. "येईल आता."

तिने मान हलवली आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "शुबा, तो फॉर्म घेऊन ये. सही करते."

"नीट विचार केलात? मुलाशी बोललात?"

"कॉन म्हणतो, राहू दे. माझ्यानंतर तो गराजमध्ये ठेवेल. गराजमध्ये त्यांना नावं कोण विचारणार?"

तर असा तो माझ्या टेबलावर आला.

फुटकी काच मी श्वास रोखून उचलली. काचेचा तुकडा सुटला, जाताना तीन-चार अक्षरांची थोडी काजळी घेऊन गेला, बाकी सगळं वाचलं. काचेच्या आतल्या बाजूला पांढुरकं धुकं जमलं होतं. पपायरसमधलं मीठ असं काचेवर येऊन बसतं, आणि बसतं ते पपायरसच्याच आकारात, त्यामुळे काच उघडली की काचेवरही एक भुरकट पपायरस असतो. मागे कोणीतरी पूर्वी गोंदपट्टी चिकटवली होती, ती सोडवायला मला कित्येक दिवस लागले. डावीकडे तंतूंची एक घडी पडली होती. ती घडी मी ओलावा देऊन, थांबून, परत ओलावा देऊन उलगडली. आतून काळीकुळकुळीत अक्षरं बाहेर आली. लिहिल्यावर लवकरच घडी पडली असावी, इतकी ताजी. मला ग्रीक येत नाही. अक्षरं ओळखते, अर्थ नाही. पण ती अक्षरं पहिल्यांदा उजेडात येताना तिथे मी एकटीच होते, आणि "अगं बघ" म्हणायला खोलीत कोणी नव्हतं, हे मला त्या दिवशी फार लागलं.

वाचायला मार्टिन आला. हा आमच्या युनिचा ग्रीक पपायरस वाचणारा माणूस, उंच, वाकलेला, स्वेटरच्या कोपरांना भोकं. तो भिंग घेऊन बसला की जेवायचं विसरायचा. एका दुपारी तो बराच वेळ पुटपुटत होता, आणि मग पुटपुटणं थांबलं.

"शुब, त्या बाईंना काय वाटतंय म्हणालीस? लग्नाचा करार?"

"हो."

"नावं मिळाली. नवरा हेरोन. बायको तायसिस. तिच्या वतीने तिचा भाऊ उभा आहे, कारण बाईला एकटीला करार करता यायचा नाही." त्याने चष्मा काढला. "पण हे लग्न नाही. हे दोघं वेगळे होतायत. हा काडीमोड आहे."

काडीमोड हा शब्द अर्थातच माझा. तो 'डिव्होर्स' म्हणाला.

मी त्याला पूर्ण समजावून सांगायला लावलं. सरकारी भाषा होती, आजच्यासारखीच कोरडी. हेरोन आणि तायसिस एकमेकांपाशी कबूल करतात की त्यांचं एकत्र राहणं संपलं आहे. तिने माहेरून आणलेलं तिला परत मिळालं आहे. यापुढे कोणी कोणावर दावा सांगणार नाही. तिने दुसऱ्याशी घर मांडलं तर त्याने अडवायचं नाही, त्याने मांडलं तर तिने. खाली शेवटी, हेरोनला लिहिता येत नाही म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी सही केली आहे. पुढचा तुकडा फाटून गेला आहे.

"का वेगळे झाले?" मी विचारलं.

"ते लिहीत नसत," मार्टिन म्हणाला. "हे असे बरेच सापडलेत. कारण कुठेच नसतं. दोष कोणाचा, तेही नसतं."

रिपोर्ट पोस्टाने पाठवू, असं फिओना म्हणाली. मी म्हटलं, मी जाऊन सांगते. त्याच आठवड्यात कॉनचा ब्रिस्बेनहून फोन आला. रिपोर्टची एक प्रत त्याला ईमेलने गेली होती.

"लुक, शुब," तो म्हणाला. "तिला सांगू नका. लग्नाचाच आहे म्हणा. नावं सांगा, ती खूश होईल. ती नव्वदीची आहे. तिच्या आई-वडिलांचा संसार, तिचा स्वतःचा, सगळं त्याच्याखाली झालं. कोणाचं काय बिघडणार आहे?"

मला त्याचा राग आला नाही. तो आईवर प्रेम करणारा माणूस होता आणि लांब राहत होता. लांब राहणाऱ्यांना असंच वाटतं, की जवळच्या माणसाला वाईट काही कळू नये, म्हणजे आपलं जवळ नसणं चालून जाईल. मी "बघते" म्हटलं.

शनिवारी ओकलीला जाताना सिग्नलला गाडी थांबली की मी मनात वाक्यं जुळवत होते. खोटं बोलणं सोपं होतं. तिला ग्रीक येत असलं तरी ही दोन हजार वर्षांपूर्वीची, घाईघाईने लिहिलेली लिपी तिला वाचता आली नसती. मी बोलले तेच तिच्यापुरतं खरं झालं असतं. पण तिने सही केली होती. हे कळण्यासाठी ती वस्तू घालवायला तयार झाली होती. तिला त्याच्या बदल्यात खोटं द्यायचं हे मला जमेना.

दार उघडल्याबरोबर ती म्हणाली, "नावं?"

"हेरोन. आणि तायसिस."

तिने जागच्या जागी उभं राहून ती नावं पुटपुटली. तिच्या उच्चारात ती वेगळी वाटली, शेजाऱ्यांची असावीत तशी. मग खुर्चीत बसली. "आणि? काय कबूल करतात? तो तिला काय देणार?"

मी समोर बसले. "एलेनी, तो लग्नाचा करार नाही. त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं, त्याचा आहे."

गॅसवर कॉफी उतू गेली. मी उठले तर तिने हाताने थांबवलं, स्वतः उठली, गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, पुसतच राहिली. तिची पाठ हलत होती. मला वाटलं ती रडतेय. मी जवळ गेले तर ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझे आई-वडील," ती म्हणाली, "इथे आल्यावर एकमेकांशी बोलणं सोडून दिलं त्यांनी. तिथे नोकर होते, गच्ची होती, बहिणी होत्या. इथे दोन खोल्या. शेवटची कितीतरी वर्षं माझ्यामार्फत बोलायचे. एलेनी, तुझ्या वडिलांना सांग जेवण वाढलंय. एलेनी, तुझ्या आईला सांग भूक नाही. आणि वाढदिवसाला ग्लास वर करायचे. वरच्या दोघांच्या नावाने." तिने फडकं पिळून वाळत टाकलं. "वरचे दोघे केव्हाच सुटले होते. आई-वडिलांना कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं."

तिने विचारलं, "त्यात भांडण आहे?"

"नाही. कोणी कोणाला काही बोललेलं नाही."

"घर कोणी सोडलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"हं." मग माझ्याकडे बघून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझा नवरा येणार नाहीये ना, शुबा?"

इतकी वर्षं तयार असलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं.

"नाही," मी म्हटलं. "येणार नाहीये." हे मी मोठ्याने पहिल्यांदाच ऐकत होते.

तिने माझा हात धरला नाही की काही समजावलं नाही. नवी कॉफी ठेवली. आम्ही दोघी ती उकळेपर्यंत तिच्याकडे बघत उभ्या राहिलो.

त्या रविवारी अविनाशचा फोन आला तेव्हा मी लिंबाच्या झाडाचं काही सांगितलं नाही. म्हटलं, "अवी, आपण काय करतोय?"

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. त्याने गॅस बंद केल्याचा आवाज आला. आजकाल स्वयंपाक तोच करायचा, हे मला माहीत नव्हतं.

"मलाही विचारायचं होतं," तो म्हणाला. "कसं विचारू कळत नव्हतं."

"तू येणार नाहीयेस."

"आई गेल्यावर तिकीट काढलं होतं मी, शुभा. मग कॅन्सल केलं. तुला वाटेल, कोणी अडवलं. कोणीच नाही. मला इथे बरं वाटायला लागलं होतं. सकाळी खाली उतरलं की चार माणसं हाक मारतात. तिकडे मला कोण हाक मारायचं?"

"मी मारायचे," असं म्हणणार होते. पण खरं बघायला गेलं तर मीही मारत नव्हते. मी तळघरातून यायचे आणि तो मुलाखतीच्या कपड्यांत घरी बसलेला असायचा. त्याची नोकरी गेली त्या वर्षी आम्ही दोघंही फार गप्प झालो होतो.

"आपण नीट करून टाकूया," मी म्हटलं. "लिहून."

"कारण काय द्यायचं?"

मी फॉर्म आधीच पाहून ठेवला होता. "इथे कारण विचारत नाहीत. वेगळे राहतोय एवढं दोघांनी मिळून सांगायचं."

"बरंय मग," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "कुकर परत लावू ना? भात कच्चा राहील."

इजिप्तकडून उत्तर यायला खूप दिवस लागले, पण आलं. त्यांना तो हवा होता. सोपवायच्या दिवशी कॉन्सुलेटचा एक तरुण अधिकारी आला, सूट घातलेला, फार अदबीने वागणारा. एलेनी ठेवणीतला निळा ड्रेस घालून आली होती. कॉन ब्रिस्बेनहून मुद्दाम आला होता आणि माझ्याशी आधी थोडं तुटक बोलला, मग नाही. नव्या काचेत तो तुकडा छान दिसत होता, हे मी सांगायलाच हवं. माझी एकही पट्टी समोरून दिसत नव्हती. एलेनीने अधिकाऱ्याला अरबीत काहीतरी म्हटलं. तो दचकला आणि हसला, आणि ती दोघं बराच वेळ अलेक्झांड्रियातल्या कुठल्याशा रस्त्याबद्दल बोलत राहिली. तो रस्ता अजून आहे, त्याचं नाव बदललंय. मग पेटी बंद झाली. एलेनीला परत नेताना कॉनने तिचा कोट धरला, आणि ती मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं, पण तिने पाहिलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. कॉनने कोणाला तरी माझी ओळख करून दिली, "ही मॉमची पपायरसवाली."

आमच्या घटस्फोटाच्या अर्जाचं काम त्याच सुमारास मार्गी लागलं. अर्जाबरोबर एक प्रतिज्ञापत्र लागतं, साक्षीदारासमोर सही करून. अविनाशने पुण्यात वकिलापुढे केलं. माझ्यासाठी ग्लेन वेव्हर्लीच्या लायब्ररीत एक म्हातारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ बसतात, लोकांच्या सह्यांना साक्षीदार म्हणून, फुकट. रांगेत माझ्यापुढे एक मुलगा पासपोर्टची कॉपी घेऊन होता, मागे एक चिनी जोडपं, घराचे कागद घेऊन. माझा नंबर आला. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "बरोबर कोणी आलंय का, लव्ह?"

"नाही. एकटीच आहे."

"नो वरीज. इथे सही. आणि इथे."

मी पूर्ण नाव लिहिलं, शुभदा, एकही अक्षर न गाळता. त्यांनी शिक्का मारला.

बाहेर येऊन गाडीत बसले. शाळा सुटायला अजून अवकाश होता, कार पार्क रिकामा होता. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. ऋता मीटिंगमध्ये असणार, तिला मेसेज केला, 'यू ओके, आई?' असं लगेच आलं, मी 'ओके' लिहिलं. पण ते सांगणं नव्हे. मनात नावं फिरवून बघितली आणि प्रत्येक वेळी एकच पुढे यायला लागलं. तिकडे सकाळ असेल, तो फिरून आला असेल. मी फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"झाली सही?" अविनाशने विचारलं.

"झाली."

त्याच्याकडे रस्त्यावर कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने उत्तर दिलं नाही.

"गाडी चालवू नकोस लगेच," तो म्हणाला. "बस थोडा वेळ."

"बसते."

"मी आहे फोनवर."